शिपायाचें पत्र कोणीं लिहिलें, कोणीं वाचलें ?



गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या आळींतलें एक जुनें घर पाडावयास काढलें. भिंती मातीच्या, वासे किडलेले. पाडणें भागच होतें. माळ्यावर पत्र्याचें एक नळकांडें सांपडलें. घरधनी तें घेऊन आमच्याकडे आले, कारण जुना कागद निघाला कीं तो मास्तरांकडे न्यावयाचा ही चाल आमच्या गांवांत अजून शिल्लक आहे. आंत त्यांच्या आजोबांचा पलटणींतून सुटल्याचा दाखला, मनिऑर्डरीच्या सहा पोचपावत्या आणि तीन पत्रें. सन १९४३ व १९४४ चीं. त्या वेळीं हा गडी दुसऱ्या महायुद्धांत समुद्रापलीकडे होता.

घरचीं तरुण मुलें भोंवतीं गोळा झालीं. ‘मास्तर, लढाईचें काय लिहिलें आहे तें आधीं वाचा.’ आम्हीं तिन्ही पत्रें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविलीं. लढाईचें एक अक्षर नाहीं. गाय व्याली काय. पश्चिमेच्या भिंतीचें लिंपण पावसाआधीं झालें काय. सुताराचें बलुतें मागच्या साली राहिलें तें पोंचवून पाभर त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावी. थोरल्या मुलास शाळेंत घातलें नसल्यास घालावें. सावकाराकडे व्याज भरलें त्याची पावती मागून घ्यावी, तोंडी बोलण्यावर राहूं नये. आणि पाठविलेल्या पैशांपैकीं पांच रुपये ‘घरांत’ द्यावे. घरांत म्हणजे बायकोला. पत्रें भावाच्या नांवें आहेत. बायकोचें नांव तिन्ही पत्रांत एकदांही आलेलें नाहीं.

मुलांचा हिरमोड झाला. तोफा नाहींत, बंदुका नाहींत, गाईचें काय आणि भिंतीचें काय! तीं उठून गेलीं. आम्ही मात्र ते कागद घेऊन दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसलों. दोन गोष्टी नजरेस आल्या. एक, तिन्ही पत्रांचें अक्षर निरनिराळें आहे. तीन माणसांनीं तीं लिहिलीं व त्यांतला एकही आमचा शिपाई नव्हे, कारण दाखल्यावर त्याचा आंगठा आहे. दुसरी, सहा पोचपावत्यांपैकीं पहिल्या चार भावाच्या नांवच्या आहेत आणि शेवटच्या दोन बायकोच्या. पोस्टाच्या कागदावर ‘घरांत’ असें लिहून चालत नाहीं, नांवच घालावें लागतें. म्हणून तेथें तिचें नांव आहे व त्याच्या खालीं तिच्या डाव्या हाताचा आंगठा आहे. शाई फिकी पडली तरी रेषा दिसतात. आंगठा उठवून त्या पावत्या परत परमुलखांत त्याच्याकडे गेल्या आणि त्यानें त्या जपून पुन्हां घरीं आणल्या. चौथ्या व पांचव्या पावतीच्या मध्यें त्या घरांत काय घडलें हें पत्रांत नाहीं. ज्याच्या घरीं दोन भाऊ व एक चूल आहे त्यास तें सांगावयासही नको.

या कागदांत आम्हांस लढाईपेक्षां मोठी गोष्ट दिसली, म्हणून आज हा मजकूर लिहीत आहों.

शिपायाच्या पत्राची ही हकीकत एका घराची नाहीं. तिचा सर्वांत मोठा पुरावा आधीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाचा आहे. सन १९१४ च्या ऑगस्टांत युरोपांत तें युद्ध पेटलें आणि सप्टेंबर अखेरीस हिंदी फौज फ्रान्स देशाच्या मार्सेय बंदरांत उतरली. युद्ध संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं. सत्तर हजारांवर परत आलीं नाहींत. हीं कोण माणसें? वकील नव्हत, जहागीरदारांचे लेक नव्हत. पंजाबचा शेतकरी, गढवालचा डोंगरी, कोंकणचा व साताऱ्याकडचा मराठा, आणि पूल बांधणाऱ्या, सुरुंग लावणाऱ्या पलटणींत हातीं हत्यार धरलेला कारागीर. खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं फ्रान्सांत न्यव्ह शापेल या गांवीं हातघाईच्या लढाईंत घातल्या गेल्या. त्यांचे गोरे अंमलदार जवळजवळ सगळे पडले किंवा जखमी झाले. त्यांत आमच्या मुलखाचे लोक होते. युद्ध सुरू झालें त्या वेळीं शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. घरीं दोन एकरांची चार वाटण्यांत पडलेली जमीन आणि तिच्यावर गहाणखत. अकरा रुपये त्या गहाणखताकडे पाहून पुष्कळांना मोठे वाटले.

या लोकांनीं फ्रान्समधून घरीं किती पत्रें पाठविलीं असतील? १९१५ च्या मार्चाच्या सुमारास आठवड्याला दहा ते वीस हजार. निरक्षर म्हणून ज्यांना हिणवीत त्यांनीं लिहविलेलीं हीं पत्रें! सरकारास धाक पडला. हे लोक घरीं काय कळवितात, घरून त्यांना कोण काय कळवितो, हें पाहण्यासाठीं हॉवेल नांवाच्या कप्तानाला नेमून बुलोन या फ्रेंच बंदराच्या गांवीं टपाल तपासण्याची कचेरी घातली. हाताखालचीं माणसें मोजकीं. पत्रांचा ढीग डोंगराएवढा. त्यांतलीं थोडीं उघडून वाचावीं, महत्त्वाचा मजकूर इंग्रजींत उतरावा आणि दर आठवड्याला वर अहवाल पाठवावा, असा तो कारभार होता. मूळ पत्र पुढें रवाना होई.

यामुळें एक चमत्कार झाला. मूळ पत्रें गांवोगांव गेलीं. त्यांतलीं कांहीं पावसानें भिजलीं, कांहीं वाळवीनें खाल्लीं, बहुतेक चुलींत गेलीं. इंग्रजी उतारे मात्र टिकले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत, व त्यांतले निवडक उतारे डेव्हिड ओमिसी या इतिहासकारानें १९९९ सालीं छापून काढले. ज्या घरासाठीं पत्र लिहिलें त्या घरांत तें नाहीं, आणि ज्यानें तें वाचूं नये असें लिहिणाराला वाटत होतें त्याच्या दप्तरांत तें सुरक्षित! तेंही आपल्या बोलींत नव्हे, साहेबाच्या भाषेंत.

या उताऱ्यांत राजकारण शोधणाऱ्याला तें सांपडेल. कोणी राजनिष्ठा लिहिली आहे, कोणी थंडी, चिखल व मरण यांची ओळख दिली आहे, कोणी युक्तीनें लिहून तपासणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकली आहे. हिंदुस्थानांतून आणलेली काळी मिरी संपत आली असून आतां लाल मिरची वापरावी लागते, असा निरोप एका पत्रांत होता. काळी मिरी म्हणजे काळे शिपाई व लाल मिरची म्हणजे गोरे, हें कप्तान साहेबांच्याही ध्यानांत आलें. आमच्या शेतकऱ्याला उपमा शिकवावी लागत नाहीं.

पण पानांमागून पानें जीं भरलीं आहेत तीं घरच्या गोष्टींनीं. शेत कोणी वाहिलें, खंड आला काय, चुलत भावाशीं चाललेला दावा कोठपर्यंत आला, मुलीचें लग्न ठरविलें तर खर्च किती केला, दागिन्यांत पैसा कां घातला, मुलगा शाळेंत जातो काय, पाठविलेली रक्कम पोंचली काय, आणि पोंचली तर कोणाच्या हातीं. हा शेवटचा प्रश्न पुन्हां पुन्हां येतो. चार हजार मैलांवर चिखलाच्या चरांत उभा असलेला माणूस विचारतो कीं माझ्या रकमेचें झालें काय. त्याच्या डोक्यावर गोळे पडत असतां त्याचा जीव गुंतला होता बांधावर. यास कोणी क्षुद्रपणा म्हणेल. आम्ही म्हणतों, तो ज्यासाठीं मरावयास गेला तेंच तो विचारीत होता.

आतां या पत्राची वाट पहा. शिपायास लिहितां येत नाहीं. तो पलटणींतल्या लिहिणाऱ्याजवळ बसतो. भोंवतीं दहा जण ऐकत असतात. लिहिणारा आपल्या वळणानें ‘सर्व वडील मंडळींस शिरसाष्टांग दंडवत’ येथून आरंभ करतो आणि निम्मा कागद नमस्कारांत संपतो. मग पलटणींतला अंमलदार तें पाहतो. मग बुलोनचा कप्तान पाहील तर पाहील. महिनाभरानें किंवा त्याहून उशिरां तें गांवांत येतें. तेथें पुन्हां वाचणारा पाहिजे. कोठें तो कुळकर्णी, कोठें पोस्टाचा माणूस, कोठें शाळामास्तर. चावडीवर किंवा ओट्यावर बसून तो मोठ्यानें वाचतो व अर्धा गांव ऐकतो. आमच्याच धंद्यांतल्या मागच्या पिढ्यांनीं हें काम केलें आहे; पुष्कळांनीं भलेपणानें केलें, रात्रींअपरात्रीं उठून केलें. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या गांवांत वाचणारा सावकारच असेल तेथें काय? समजा, शिपाई कळवितो कीं यंदा माझ्याकडे शंभर रुपये शिल्लक पडले आहेत, कार्तिकांत गहाण सोडवूं. आणि तें वाचून दाखवितो गहाण धरणाराच. तो कार्तिकाच्या आंत काय करील हें सांगावयास ज्योतिषी नको.

दख्खनच्या शेतकऱ्यास कागदाचा हा अनुभव जुनाच होता. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें लोक उठले. त्यांचा राग ज्या वस्तूवर होता ती वस्तू म्हणजे रोखे. ज्या कागदावर आपला आंगठा आहे आणि ज्यांत काय लिहिलें आहे तें आपणांस कळत नाहीं, तो कागद त्यांनीं जाळला. पुढें सरकारनें १८७९ चा कायदा केला व शेतकऱ्याचा रोखा नोंदणीदारासमोर लिहिला जावा असें ठरविलें. म्हणजे आंगठ्याच्या वर काय लिहिलें हें पाहण्यास आणखी एक परकाच बसविला! आंगठा करणाराच्या हातीं लेखणी द्यावी हें त्या कायद्यास सुचलें नाहीं. तें जोतीरावांना त्याच्याही एकतीस वर्षें आधीं सुचलें होतें.

आम्हांस सर्वांत जास्त टोंचली ती गोष्ट निराळीच आहे. इतक्या परक्या कानांतून व डोळ्यांतून जाणाऱ्या पत्रांत नवऱ्यानें बायकोला काय लिहावें? कांहींच नाहीं. पत्र बापाला किंवा भावाला. बायकोचा उल्लेख ‘घरांत’, ‘मुलांची आई’ असा आडून. ती दाराआड उभी राहून ऐकणार, आणि वाचणारानें तेवढी ओळ गाळली तर तिला कळणारही नाहीं. तिच्याकडून उत्तर जावयाचें तर तेंही सासऱ्याच्या तोंडून व दुसऱ्याच्या लेखणींतून. सासूशीं पटत नाहीं, पैसा माझ्या हातीं पडत नाहीं, मूल आजारी आहे, हें तिनें ओट्यावर अर्ध्या गांवासमोर सांगावें काय? त्या अहवालांत बायकांचीं म्हणून जीं पत्रें आहेत तीं फार थोडीं. सन १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत दर हजार बायकांत लिहितां वाचतां येणाऱ्या सुमारें दहा निघाल्या. शिपायांच्या घरांतून तर एक निघाली असती तरी नवल.

आणि याच वेळीं एक वेगळेंच वारें त्या पत्रांतून वाहूं लागलें. पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्सांतून हललें, पण हिंदी घोडदळ १९१८ च्या आरंभापर्यंत तेथें होतें. मधल्या काळांत त्या लोकांना फ्रेंच खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरांत व गोठ्यांत उतरावें लागे. त्यांनीं काय पाहिलें? नवरा लढाईवर गेला आहे आणि बाई नांगर धरते, गाई दोहते, दूध बाजारांत नेते व संध्याकाळीं बसून जमाखर्च लिहिते. मुलगा शाळेंत जातो तशी मुलगीही जाते. नवऱ्याचें पत्र येतें, तें ती स्वतः फोडते, स्वतः वाचते, आणि त्याच रात्रीं उत्तर लिहिते. मध्यें कोणी नाहीं. घोड्याला खरारा करतां करतां आमचा जाट व शीख गडी हें पाहत होता. मग त्याच्या पत्रांत येऊं लागलें कीं मुलींना शाळेंत घाला, लग्नांत पैसा उधळूं नका, दागिने करून ठेवण्यापेक्षां मुलांना शिकवा. कोणा सुधारकानें सभेंत सांगितलेलें हें नव्हे. शेतकऱ्यानें शेतकऱ्याचें घर पाहून लिहिलेलें आहे.

सगळींच पत्रें अशीं होतीं असा आमचा दावा नाहीं. संशयाचीं, धाक घालणारीं पत्रेंही त्यांत आहेत. माणूस समुद्र ओलांडून गेला म्हणजे लगेच देव होत नाहीं. तरीपण विद्येनें बाई बिघडते, तिनें लिहूं लागावें तें घर बुडविण्यासाठींच, असें ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या सांगितलें त्यांना या शिपायांनीं एका ओळींत उत्तर दिलें कीं येथें बाई लिहिते व घर उभें आहे.

महाराष्ट्रास हें शिकण्यास फ्रान्सला जावें लागलें नसतें. पुण्यांत जोतीरावांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा घातली. १८५६ सालीं आजारी पडून नायगांवीं माहेरीं गेलेल्या सावित्रीबाईंनीं तेथून जोतीरावांना स्वतःच्या हातानें पत्र लिहिलें. प्रकृतीची हकीकत आहे, भावाशीं झालेला वाद आहे. महारमांगांना शिकवितां म्हणून भाऊ बोलला व तिनें त्याला काय उत्तर दिलें तें आहे. घरचें पत्र आहे, आणि बाईनें नवऱ्याला कोणाच्या मध्यस्थीवांचून लिहिलेलें आहे. माळ्याच्या घरची मुलगी, लग्न झालें तेव्हां अक्षरओळख नव्हती. पुढें १९१७ सालीं, म्हणजे तेंच युद्ध चालू असतां, कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. पण नायगांव ते कोल्हापूर या साठ वर्षांत आमच्या बाकीच्या घरांनीं काय केलें, हा प्रश्न आम्हीं दुसऱ्यास विचारण्याआधीं आपणांस विचारला पाहिजे. भटाला व सावकाराला दोष देऊन ज्यानें स्वतःच्या सुनेस पाटी दिली नाहीं, असा आमच्या चळवळींतला कार्यकर्ता आम्हांस एक नाहीं, दहा दाखवितां येतील.

येथें एक गोष्ट मध्येंच सांगितली पाहिजे. पलटणींत शिकण्याची सोय कांहींच नव्हती असें नाहीं. कंपनी सरकारच्या अमदानींत शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना पलटणीच्या शाळेंत शिकणें सक्तीचें होतें, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा ज्यांना गांवच्या शाळेच्या पायरीवरही उभें करीत नसत त्या महार शिपायांच्या घरांना झाला, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सांगितलें आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेंत मुख्य मास्तर होते. एका पिढीस पलटणींत अक्षर भेटलें, त्याचें फळ काय निघालें तें सगळें जग जाणतें. पुढें महारांची भरतीच बंद झाली. १९१७ सालीं माणसें कमी पडलीं तेव्हां १११ महार ही पलटण उभारली आणि गरज सरल्यावर १९२१ सालीं मोडली.

आतां आपल्या मराठा पलटणींकडे वळूं. त्यांचा मोठा भाग फ्रान्सकडे नव्हे, मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत गेला. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर टायग्रिस नदीच्या कांठीं कूत या गांवांत अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ ला दाणा संपून शरण जाण्यांत मिटला. सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं. हिंदी कैद्यांपैकीं पुष्कळांना वाळवंटांतून चालवीत नेऊन रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या कामास लावलें. वाटेंत व तेथें किती मेले त्याचा नीट हिशेब लागत नाहीं.

वाचकहो, फ्रान्सच्या पत्रांविषयीं निदान वाचणारा तरी होता. कूतच्या पत्रांविषयीं काय लिहावें? पत्रच नाहीं. रत्नागिरीकडे, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे एखाद्या घरीं दसऱ्याला आलेलें पत्र शेवटचें ठरलें. पुढें होळी गेली, मृग लागला, पेरणी आली. गडी आहे कीं गेला? शेत वाट्यानें द्यावें कीं राखावें? बैल विकावा काय? सावकार दारांत येऊन म्हणतो कीं तुझा नवरा मेला आहे, आतां तरी जमीन लिहून दे. भाऊबंद म्हणतात तो येणार आहे, हात लावूं नको. आणि बाईनें कुंकूं पुसावें कीं ठेवावें हेंही दुसरेच ठरविणार. सरकारी कागद आला तरी तो इंग्रजींत. असें एक वर्ष नव्हे, दोन-दोन वर्षें चाललें. १९१८ सालीं दख्खनांत पाऊस गेला आणि त्याच सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांच्या घरांत माणसें मेलीं. कैदेंतून सुटून आलेला एखादा शिपाई घराच्या दारांत उभा राहिला असेल तेव्हां आंतून कोणी उत्तर दिलें असेल, देव जाणे. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी या गांवांत त्या युद्धांत पडलेल्या शेहेचाळीस जणांचें स्मारक आहे. त्या शेहेचाळीस घरांतल्या बायकांनीं पेरण्या कशा केल्या याचा शिलालेख कोठें नाहीं.

कोणी म्हणेल, मास्तर, हें शंभर वर्षांपूर्वींचें रडगाणें आतां कशास? आतां शिपाई सरहद्दीवरून फोनवर बोलतो, मुलाचें तोंड पाहतो, सुनाही शिकल्या. खरें आहे. आमच्या गांवचेही जवान फौजेंत आहेत आणि रात्रीं नऊनंतर अर्धी आळी त्यांच्याशीं बोलत असते. पण फोनवर काय बोलतात? जेवलास का, थंडी आहे का. कागदाचें कोणी बोलत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्याच गांवच्या एका जवानाला कामावर मोठा अपघात झाला. बायको चांगली बारावीपर्यंत शिकलेली. सासरा, दीर, सगळे धांवपळींत. तिला विचारलें, पगार कोणत्या खात्यांत येतो? माहीत नाहीं. विमा कोठें आहे? माहीत नाहीं. वारस म्हणून नांव कोणाचें लावलें आहे? तेंही माहीत नाहीं. पलटणीच्या नोंदींत तिचें माहेरचें नांव, आधारावर सासरचें, बँकेंत तिसरेंच. हे तीन कागद एका बाईचे आहेत हें पटविण्यासाठीं तिला तान्हें मूल कडेवर घेऊन तीन महिने हेलपाटे घालावे लागले. अखेर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत एका वयस्क माजी सुभेदारांनीं अर्ज लिहून दिला तेव्हां वाट लागली. तिला अक्षर येत होतें. घरच्या कागदाला हात लावण्याची मात्र सवय नव्हती, कारण ‘तें पुरुषांचें काम’. पणजीचा आंगठा गेला आणि नातीची सही आली, पण पेटीची किल्ली होती तेथेंच राहिली.

म्हणून ज्यांचा लेक, नवरा, भाऊ फौजेंत आहे किंवा पोटासाठीं मुंबई-पुण्यास, परमुलखांत आहे, त्या घरांना आमचें सांगणें आहे. पुढच्या सुट्टींत तो येईल तेव्हां जत्रा-पाहुणे होऊं द्या, आणि एक संध्याकाळ चटईवर सगळे कागद मांडा. सातबारा, खातेपुस्तक, विमा, पलटणीच्या नोंदीचा उतारा. बायकोचें नांव सगळीकडे एकच आहे काय तें पहा. नसेल तर तो गडी धडधाकट आहे तोंवरच दुरुस्त करून घ्या, मागाहून होत नाहीं असें नाहीं, पण फार रडविलें जातें. एका वहींत सगळें लिहून ठेवा, आणि तें तिनें आपल्या हातानें लिहावें. सासूसासऱ्यांना यांत राग येण्याचें कारण नाहीं. पैसा कोणाच्या हातीं द्यावा हें तुमचें तुम्ही ठरवा, पण पैसा कोठें आहे हें दोघांनाही ठाऊक असूं द्या. आणि फौजेंतल्या पोरांनो, फोन करतां तो करा, परंतु वर्षांतून एकदां बायकोच्या नांवानें एक कागदी पत्र टाका. नांव घालून.

माळ्यावरच्या नळकांड्यांविषयींही दोन शब्द. घर पाडतांना कागद निघाले तर रद्दींत घालूं नका. मोडी असेल व वाचतां आलें नाहीं तर जिल्ह्याच्या गांवीं वाचणारीं माणसें अजून सांपडतात, त्यांच्याकडे न्या. गाईचें व भिंतीचें लिहिलें आहे म्हणून टाकूं नका. आमच्या बापजाद्यांचा इतिहास दुसऱ्या कोणीं लिहून ठेवलेला नाहीं; तो असलाच तर असाच, गाय व्याली काय आणि व्याजाची पावती घेतली काय, एवढाच आहे.

त्या घरची एक मुलगी सातवींत आमच्या वर्गांत आहे. शिपायाची खापरपणती. तीं तिन्ही पत्रें ती सध्यां वहींत उतरून घेत आहे. दुसऱ्या पत्रांत तिचा एक शब्द अडला म्हणून परवां विचारावयास आली होती. शब्द ‘पाभर’. ट्रॅक्टरच्या काळांतली मुलगी, तिला कोठून ठाऊक असणार! आम्हीं सांगण्याऐवजीं तिला आजोबांकडे पाठविलें. त्यांनीं तिला गोठ्यांत नेलें. आढ्याला, कडब्याच्या पेंढ्यांमागें, ती पाभर अजून टांगलेली होती, आणि तिच्या एका फणाला मागून बसविलेला लांकडाचा जोड होता.